वजा केलेला आवाज

४ जानेवारी, रविवार

आज दादाशी फोनवर जे ठरलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून ही डायरी उघडली. उद्या तो म्हणायचा, तू असं म्हणालीसच नव्हतीस.

ठरलं ते असं. बाबांना महिनाभर पाहायचं. तेवढ्यात ते थोडे माणसांत आले, वेळेवर जेवू लागले, मुख्य म्हणजे आंघोळ करू लागले, तर माझ्याकडेच राहतील. नाहीतर दादा येऊन त्यांना त्याच्या ओळखीच्या वृद्धनिवासात नेऊन ठेवील. डॉक्टरीणबाईंनीही त्याच्याच पारड्यात वजन टाकलं. आंघोळ टाळणं हे या विसराळूपणातलं नेहमीचं लक्षण आहे म्हणतात.

मला बाबा इथे हवे आहेत. का, ते नीट सांगता येत नाही. माया आहे, हे तर आहेच. पण आई गेल्यावर या घरात माझ्याशिवाय कोणीतरी खोकतं, याचाही आधार वाटतो. म्हणजे मी त्यांना त्यांच्यासाठी ठेवतेय की माझ्यासाठी? याचं उत्तर आज नको.

बाबा आयुष्यभर न्यायाधीश. निकाल देताना ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, ते आता दिवसाला दहा वाक्यं बोलत नाहीत. जेवण झालं की मात्र विचारतात, "तुझी आई जेवली का?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं. आता "हो" म्हणते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचं आवडतं संगीत लावून बघा. माळ्यावरून व्हायोलिनच्या रेकॉर्डी काढल्या. बाबांच्या खोलीत पलंग आणि पुस्तकांतून वाट काढावी लागते, म्हणून रेकॉर्डप्लेअर आणि त्याचा आवाज आधी थोडा वाढवून देणारा डबा, प्रीअँप, हॉलमध्ये, आणि मोठा अँप्लिफायर व स्पीकर त्यांच्या खोलीत. अँप्लिफायर एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणला. मधली लांब तार पॅसेजमधून, बाथरूमच्या चौकटीवरून नेली. आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्येही असल्या तारा लोंबत असतात, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. आई असती तर बोलली असती.

७ जानेवारी, बुधवार

रोज सकाळी बोर्डातला मोठा खटका पडून घरभर वीज जाते. अँप्लिफायर जळायचा या भीतीने वायरमनला बोलावलं. त्याने झाकण उघडलं आणि डोकं हलवलं.

"हा फार हळवा झालाय ताई. माशी बसली तरी पडतो."

"पण पडतो म्हणजे काहीतरी कारण असेल ना?"

"कारण हेच, की तो पडायलाच बनवलाय."

मी हसले. त्याने तो खटका काढून वीज थेट जोडून दिली. आता पडायचा नाही म्हणाला. नंतर वाटलं, हसायच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण कुठला, ते सुचलं नाही.

दादाने पाठवलेला स्टीलचा दांडाही वायरमनकडूनच बसवून घेतला. बाथरूममध्ये, गीझरच्या बरोबर खाली, बाबांना उठता-बसता धरायला. भोक पाडताना भिंतीतून जरा पाणी झिरपलं. "पाइपाला चाटून गेलं, फुटलं नाही," म्हणाला आणि सिमेंट भरलं. मी दांड्याला लोंबकळून पाहिलं. पक्का आहे.

१० जानेवारी, शनिवार

आज संगीत वाजलं. पण एकटं नाही.

व्हायोलिनच्या मागे एक जाड, सपाट "घूं" आहे. रेकॉर्ड थांबवली तरी तो चालूच. मी तारा हलवल्या, प्लग उलटसुलट केले, काही फरक नाही. सगळी मेहनत पाण्यात म्हणून चिडून बंद करायला निघाले, तर बाबा म्हणाले, "राहू दे. बुवा गातायत."

"कोण बुवा?"

"हे मागचे. एकच सूर लागलाय बिचाऱ्यांना, पण सोडत नाहीत."

आणि हसले. कितीतरी दिवसांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

आंघोळीला पाठवलं तेव्हा मात्र लगेच बाहेर आले. केसांना साबण तसाच.

"झाली?"

"अर्धी."

"अर्धी कशी होते बाबा?"

"त्या दांड्याने हरकत घेतली. चावला मला."

तळहात पाहिला. खूण नाही, लाली नाही. मी विचारलं, शॉक लागला का?

"शॉक झटका देऊन सोडतो. हा धरून बसतो," म्हणाले. आणि मग, त्याच सुरात, "तुझ्या आईला सांग, ती आत जायच्या आधी."

या शेवटच्या वाक्याने पहिल्या वाक्याचं वजन गेलं. मी असं लिहितेय आणि मलाच ते खटकतंय.

११ जानेवारी, रविवार

तरी वायरमनला पुन्हा बोलावलं. शंका राहू नये. सकाळी त्याला वेळ नव्हता, दुपारी जेवणानंतर आला. दांडा, नळ, शॉवर, सगळीकडे टेस्टर लावला. दिवा कुठेही लागला नाही.

"साहेबांना सांगा, दांडा निर्दोष सुटला."

मला हायसं वाटलं. बाबांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "चौकशी कोणत्या वेळी झाली?"

"आत्ता. जेवणानंतर."

"वेळ लिहून ठेव," म्हणाले.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी रेकॉर्ड लावावी तर घूं इतका वर येतो की व्हायोलिन त्याच्यात बुडतं. दुपारी जवळजवळ नसतो. मला वाटतं, सकाळी सगळ्या इमारतीचा विजेचा भार एकदम येतो, त्याचा परिणाम. बाबांचं म्हणणं वेगळं.

"बुवा पाण्यासाठी उठतात. पाणी तापायला लागलं की यांचा रियाज सुरू."

"तसं नसतं बाबा."

"ठीक आहे. नोंद घे आणि फेटाळ."

आंघोळ पुन्हा अर्धी. खरं तर मी त्यांना दोष देऊ नये. ते अनवाणी जातात, कारण चप्पल घातली की घसरायची भीती वाटते. गीझरही चालूच ठेवतात, कडकडीत पाणी लागतं म्हणून. मी लॅबच्या सवयीने रबरी चप्पल घालून, आणि आईच्या सवयीने गीझर बंद करून आंघोळ करते. दांड्याला मी कधी हात लावत नाही, मला गरजच नाही. म्हणजे एकाच बाथरूममध्ये आम्ही दोघं दोन वेगळ्या आंघोळी करतो. म्हातारपण म्हणजे हेच असावं, सगळं जास्त धरून करावं लागतं.

अँप्लिफायर पुसताना मनगटाला बारीक शिरशिरी आली. हवा कोरडी आहे. मानेचं दुखणंही हातात उतरतं कधीकधी.

१८ जानेवारी, रविवार

आवाजाच्या सामानाचं एक दुकान सापडलं. गल्लीच्या टोकाला, जिना चढून. मालक स्वतःला तारवाला म्हणवतो. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "दोन यंत्रं दोन खोल्यांत, दोन वेगळ्या प्लगांवर?"

"हो."

"मग तार साधी वापरलीय ना, अनबॅलन्स्ड? तर बुवा येणारच." (बुवा हा शब्द मीच त्याला सांगून बसले होते.)

त्याने तार कापून दाखवली. साध्या तारेत मधली एक तार आवाज नेते आणि बाहेरची जाळी ही त्याची परतीची वाट. पण तीच जाळी दोन्ही यंत्रांच्या अंगांना जोडलेली असते, आणि यंत्रांची अंगं घराच्या अर्थिंगला. हॉलमधल्या अर्थिंगमध्ये आणि खोलीतल्या अर्थिंगमध्ये फरक पडला, की घरातला कचरा त्या जाळीतून वाहतो. संगीताच्याच वाटेवरून.

"आणि ही बॅलन्स्ड. हिच्यात दोन तारा आवाज नेतात. एक सुलटा, दुसरी उलटा. जाळी नुसतं पांघरूण. वाटेत जो कचरा लागतो तो दोघींना सारखाच लागतो. पलीकडचं यंत्र एकीतून दुसरी वजा करतं. आवाज उलटसुलट आहे, म्हणून दुप्पट होतो. कचरा सारखा आहे, म्हणून शून्य."

मी जवळजवळ टाळीच देणार होते. हे तर मी रोज करते. लॅबमध्ये पाण्याच्या प्रत्येक नमुन्याबरोबर शुद्ध पाण्याचाही एक नमुना तपासायचा, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. त्यातही जे दिसेल ते काचेचं, हवेचं, आपल्या हातांचं. ते वजा करायचं. उरेल ते खरं. कितीतरी वर्षं मी या एका वजाबाकीवर सह्या करत आलेय.

"पण अर्थिंगमध्ये एवढा फरक का असावा?" मी विचारलं.

"असतो जुन्या इमारतींत. मॅडम, घर बदलता येतं का? तार बदला."

आणखी एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. काही लोक हा आवाज घालवायला प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. "तसलं करू नका हं. माणूस जातो त्याने." मी म्हटलं, मी असले धंदे करणाऱ्यांतली नाही. जे करीन ते रीतसर करीन.

सुदैवाने माझ्या दोन्ही यंत्रांना मागे ती तीन पिनांची, खट्‌कन बसणारी जागा आहे. तार मापाने बनवून मिळेल.

२४ जानेवारी, शनिवार

तार बसवली. मुद्दाम सकाळी, घूं सगळ्यात जोरात असतो तेव्हा. बाबांसाठी पाणी तापत ठेवलं होतं, इमारतीत सगळ्यांची गडबड चालू होती. शेवटचं टोक खट्‌ करून बसलं आणि आवाज गेला. कमी झाला नाही. गेला.

शांतता इतकी स्वच्छ असते हे मला माहीत नव्हतं. रेकॉर्डवर सुई ठेवली. वादकाचा श्वास ऐकू आला.

बाबा पलंगावर बसले होते. बराच वेळ ऐकलं, पण व्हायोलिन ऐकत नव्हते.

"बुवा कुठे गेले?"

"घालवले मी त्यांना. नवी तार." आणि उत्साहाच्या भरात सगळं समजावलं. शेवटी म्हटलं, "थोडक्यात, दोन्ही तारांनी एकच गोष्ट सांगितली, की यंत्र ती खोटी धरतं."

"आमच्याकडे उलटं होतं. दोन साक्षीदारांनी एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगितली, तर आम्ही ती खरी धरायचो."

"ही तार आहे बाबा, कोर्ट नाही."

"दिसतंय ते." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्या बाजूने एकच साक्षीदार होता. तोही फोडलास."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोनवर हे सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे यंत्रातला आवाज त्यांना माणूस वाटतो? मी म्हटलं, तसं दिसतं खरं. बुवा हा विनोद होता, हे सांगायचं राहिलं. की मुद्दाम नाही सांगितलं? मला वाटतं, राहिलं.

२९ जानेवारी, गुरुवार

आंघोळ पूर्ण बंद. ओल्या फडक्याने अंग पुसून घेतात, तेही दार लावून. खोलीला वास येतो. शेजारच्या काकू दारातूनच बोलून जातात.

आज मी हद्द केली. दंड धरून त्यांना बाथरूमपर्यंत नेलं. चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, एखाद्या लहान मुलासारखे. नव्हे, तसे नाही. लहान मूल रडतं. बाबा हळू आवाजात म्हणाले, "अगं, मी वेडा झालोय असं तू धरून चाल. तरी पण वेड्याला चावलं तर दुखतंच ना?"

मी हात सोडला. मग दारात उभी राहून, चप्पल पायात, गीझर बंद करून, त्यांना दाखवायला दांडा धरला. "बघा. काही होतंय का?"

"तुला कसं होईल," म्हणाले.

दादाला फोन केला. "मी काय म्हणत होतो?" म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, हे लिहायला हवं. दमल्याचा होता.

१ फेब्रुवारी, रविवार

नेलं.

निघताना बाबांनी खोलीत एक नजर टाकली आणि विचारलं, "तुझी आई एकटी राहील का इथे?" दादा गाडीत बसून हमसून हमसून रडला. मी नाही. मी बॅगेत पायमोजे घातले का, एवढंच डोक्यात होतं.

परत आल्यावर रेकॉर्ड लावली. मागे काहीच नाही. मधल्या मोकळ्या जागेत तर इतकं काहीच नाही की मी उठून बंद केली.

९ फेब्रुवारी, सोमवार

वृद्धनिवासातल्या नर्सबाईंचा फोन. बाबा छान आहेत. रोज आंघोळ करतात, स्वतःहून, अगदी पहिल्या दिवसापासून. "दांडा धरून उभे राहतात आणि गुणगुणतात आत. आम्हाला तर काही त्रास नाही हो."

मी दोनदा विचारलं, स्टीलचा दांडा? हो, स्टीलचाच.

दिवसभर लॅबमध्ये हेच डोक्यात. तोच माणूस, तसाच दांडा, तसंच गरम पाणी. मग बदललं काय? बदलले मी. तिथे मी नाही. त्यांना सतत टोकणारी, तपासणारी, डॉक्टरांना कळवणारी मी नाही. अडचण बाबांमध्ये नव्हतीच, माझ्यात होती. हे पचायला कठीण आहे, पण वजाबाकी स्वच्छ आहे. दोन्हीकडे सारखं ते सोडून द्यायचं, उरते ती मी.

१५ फेब्रुवारी, रविवार

भेटायला गेले. बाबा दाढी केलेले, केस विंचरलेले, बागेत बाकावर. बाजूला त्यांचा एक नवा दोस्त, निवृत्त स्टेशनमास्तर, त्याने ओळख करून दिली ती अशी, "ही तुमची सरकारी वकील का?"

"नाही," बाबा म्हणाले, "ही खालचं कोर्ट. अपील करता येतं."

तिघंही हसलो. मग मी धीर करून विचारलं, इथे आंघोळ कशी काय चालते?

"इथला दांडा चावत नाही."

"आणि घरचा अजून चावतो?"

"तो कशाला सुधारेल? त्याला कोणी समजच दिलेली नाही."

जेवणाची घंटा झाली. उठताना म्हणाले, "आई आली नाही का बरोबर?" स्टेशनमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय लागली आहे, आता ती घरी टिकते का ते पाहायला हरकत नाही. दादा कां-कूं करत होता. शेवटी म्हणाला, "एक आठवडा. आंघोळ बंद झाली की परत. आणि मग पुन्हा नाही. त्यांची अशी ने-आण मला बघवत नाही." मी कबूल केलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाबा घरी.

मी स्वतःला नियम घालून घेतले. टोकायचं नाही. दाराबाहेर उभं राहायचं नाही. विचारायचं नाही. खोली आवरून ठेवली, नवी चादर, रेकॉर्डी हाताशी. त्यांनी स्वतःच एक निवडली. दोन्ही बाजू ऐकल्या. "स्वच्छ आहे," म्हणाले, "फारच स्वच्छ आहे."

चहा घेताना अचानक विचारलं, "मी उद्या आंघोळ केली तर इथे राहीन?"

मी आठवड्याचं बोलले नव्हते. दादाने सांगितलं असणार.

"हो."

"आणि नाही केली तर?"

मी खोटं बोलले नाही. त्यांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी उठायच्या आधीच बाबांनी गीझर लावला होता. टॉवेल घेऊन गेले, पाण्याचा आवाज आला, केस ओले होऊन बाहेर आले. मी काही बोलले नाही. दादाला मात्र लगेच कळवलं.

मग मी आंघोळीला गेले तर साबण कोरडा. फरशी नळापाशी भिजलेली, बाकी कोरडी. बादली काठोकाठ. दांड्यावर कालचा टॉवेल मी टाकला होता, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यांनी नळ सोडला, प्लास्टिकच्या मगाने केस ओले केले, आणि दाराशी उभं राहून आंघोळीएवढा वेळ जाऊ दिला. माझे बाबा. ज्यांनी खोट्या साक्षीबद्दल लोकांना तुरुंगात पाठवलं.

मी नियम मोडला.

"बाबा, साबण कोरडा आहे."

"साबणाची साक्ष कशाला काढतेस?"

"खरं सांगा."

"खरं सांगून झालं. त्याने मी दुसरीकडे गेलो." आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. "तू धरून बघ. माझ्यासारखी. चप्पल काढून, ओल्यात उभी राहून, गीझर चालू ठेवून. तू धरलास तो दांडा आणि मी धरतो तो दांडा एक नाही. मग निकाल दे."

"धरते," मी म्हणाले. "उद्या सकाळी. तुम्ही म्हणता तसंच, सगळं तुमच्यासारखं."

हे ऐकून त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. त्यांचा चेहरा उतरला.

जेवताना घास फिरवत बसले. मग म्हणाले, "अर्ज मागे घेतोय."

"कुठला अर्ज?"

"दांड्याचा. मी खोटं बोललो. तो चावत नाही, कधी चावला नाही. दादाला बोलाव. मला तिकडे नेऊन सोडा, आजच."

"बाबा, इथे राहायला तुम्ही आंघोळीचं नाटक केलंत. आणि आता जायचं म्हणता?"

"हो. तिकडे बाग आहे. तू काही धरू नकोस, कळलं? काही सिद्ध करायचं उरलेलं नाही. फिर्यादीच नाही म्हणतोय."

तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. इतक्या दिवसांचं कोडं त्यांनीच सोडवलं. साक्षीदार उलटतपासणीला टिकला नाही. पण दुपारभर विचार केल्यावर वाटतं की इथेच सोडून देणं सोपं होईल, आणि चूक होईल. भीती खोटी असली तरी ती त्यांनी महिनाभर एकट्याने सोसली आहे. मी टेस्टर लावला, तार बदलली, डॉक्टरांना विचारलं, पण त्यांच्या जागी एकदाही उभी राहिले नाही. आणि आता मी शब्द दिला आहे. समोरच्याने माघार घेतली म्हणून आपला शब्द मोडायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलेली नाही.

संध्याकाळी पाहिलं तर बाबा पॅसेजमध्ये. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत नेऊन बाथरूमच्या बंद दारासमोर टाकलेली, आणि तिच्यात बसलेले. हात मांडीवर, पाठ ताठ.

"इथे काय करताय?"

"बसलोय."

"कशाला?"

"तू आत जायला नकोस म्हणून."

"किती वेळ बसणार?"

"जमेल तितका. मग विसरेन बहुतेक," म्हणाले. "म्हणून आत्ता बसलोय."

त्यांचा हात थंड होता. मी जवळ बसले, समजूत घातली, दादाशी बोलेन म्हणाले, आणि हळूहळू उठवून खोलीत नेलं. रेकॉर्ड लावली. पहिली बाजू संपेपर्यंत ते खुर्चीचं विसरले होते. "तुझी आई जेवली का?" म्हणाले. मी "हो" म्हणाले आणि खुर्ची उचलून टेबलापाशी नेऊन ठेवली.

सकाळचं ठरलेलं आहे. नमुना तपासायचा तर अटी त्याच हव्यात, नाहीतर तपासण्याला अर्थ नाही. गीझर आधीपासून लावून पाणी कडकडीत करायचं आणि बंद करायचा नाही. चप्पल बाहेर. फरशी ओली. दांडा बोटांनी नाही, त्यांच्यासारखा पूर्ण मुठीत. आणि बाबांना दारातच उभं करणार आहे, म्हणजे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. माझा एक हात दांड्यावर, दुसरा त्यांच्या हातात.